‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ पहिल्यांदाच हातात घेताय? मग हे आधी वाचा

ओळखीतल्या निम्म्याशिम्म्या लोकांनी हे पुस्तक शंभराव्या पानाच्या आगेमागे मिटून ठेवलंय. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो, नावंच लक्षात राहत नाहीत." नावं भरपूर आहेत, कबूल. पण माझ्या मते खरी गोची निराळी आहे. लोक ड्रॅगन शोधत पुस्तक उघडतात आणि समोर येतं कुणाची मुलगी कुणाच्या घरात दिली, कुणाचा मुलगा कुणाकडे ओलीस आहे, तिजोरीवर कर्ज कुणाचं, याचं लांबलचक खातं. जादूची गोष्ट म्हणून वाचायला बसलात तर पहिली दोनशे पानं कंटाळा येणार. दरबारी राजकारण म्हणून बसलात तर दुसऱ्या प्रकरणापासून मजा यायला लागते.

आणि दरबारी राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या नाशिकात गंगापूर रोडने निघालं की आनंदवल्ली लागते. राघोबादादा आणि आनंदीबाई तिथे राहत होते, गावाचं नावही आनंदीबाईंवरून पडलेलं. १७७३ मधला नारायणरावांचा खून, ‘ध’ चा ‘मा’, मग बारभाईंचं कारस्थान, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना मिळालेली पेशवाईची वस्त्रं, हे सगळं आपण शाळेत वाचलंय, नाटकांत पाहिलंय. वारस लहान असला की कारभार कुणाच्या हातात जातो आणि चुलत्यांच्या मनात काय शिजतं, हे ज्याला ठाऊक आहे तो या पुस्तकाचा तयार वाचक आहे.

पुढची माहिती पहिला भाग वाचणाऱ्यांपुरतीच आहे. सुरुवातीच्या प्रकरणांतलं थोडं सांगितलंय, पुढचं काही फोडलेलं नाही.

१. पुस्तक काय आहे आणि कुणासाठी नाही

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी १९९६ साली आली. मालिकेचं नाव ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’, आणि ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ हा तिचा पहिला भाग. टीव्ही मालिकेने पहिल्या भागाचंच नाव घेतल्यामुळे दुकानात आणि वाचनालयात कायम गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकात लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांत गादीवरून जी युद्धं झाली, ती मार्टिन यांच्या डोळ्यांसमोर होती. लॅनिस्टर आणि स्टार्क ही घराण्यांची नावं वाचली की ते लगेच ध्यानात येतं.

पुस्तक मोठ्यांसाठी आहे, आणि हे मी शोभेला म्हणत नाही. रक्तपात तर आहेच, लैंगिक अत्याचार आहेत, आणि त्यांतले काही प्रसंग अगदी कोवळ्या वयाच्या मुलींच्या बाबतीत घडतात. डॅनेरिस ही राजकन्या कथेच्या सुरुवातीला १३ वर्षांची आहे आणि तिसऱ्याच प्रकरणात तिचा भाऊ सैन्याच्या बदल्यात तिचं लग्न ठरवतो. ड्रॅगन म्हणजे मुलांचं पुस्तक, असं समजून सातवीतल्या भाच्याला वाढदिवसाला देऊ नका. ज्यांना असे प्रसंग वाचवत नाहीत त्यांनी डॅनेरिसची सुरुवातीची प्रकरणं जपून वाचावीत. सोडून मात्र देऊ नयेत, तिचा धागा समुद्रापलीकडे स्वतंत्र चालतो आणि मधलं प्रकरण गाळलं तर पुढचं लागत नाही.

२. काय काय जवळ ठेवायचं

– नकाशे असलेली छापील प्रत. सुरुवातीला उत्तर आणि दक्षिण असे दोन नकाशे असतात. लहान ई-रीडरवर ते वाचता येत नाहीत. ई-बुकच वाचणार असाल तर नकाशा वेगळा छापून घ्या.
– पेन्सिल आणि पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद. तोच बुकमार्क, तोच वंशवेल.
– शेवटच्या परिशिष्टात घालायला कागदाचा एक कपटा. तिथे प्रत्येक घराण्यातली माणसं ओळीने दिलेली आहेत आणि तुम्ही तिथे सतत जाणार आहात.
– इंग्रजी-मराठी शब्दकोश, मोबाइलमधला चालेल.
– वाचनालयातून घेणार असाल तर सभासदत्वासाठी लागणारे कागद: ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा यांच्या झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो, आणि अनामत व वर्गणीचे पैसे. कुठे काय लागतं ते काउंटरवर विचारूनच जा, म्हणजे दोन हेलपाटे पडत नाहीत.

३. प्रत मिळवणं

टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, आपलं ‘सावाना’, १८४० पासून आहे. आधी तिथे किंवा तुमच्या भागातल्या वाचनालयात चौकशी करा. विचारताना ‘गेम ऑफ थ्रोन्स आहे का’ एवढंच म्हटलंत तर मालिकेतला कुठलाही भाग हातात पडू शकतो. लेखकाचं नाव सांगा आणि ‘पहिला भाग’ असं स्पष्ट म्हणा. जाड पुस्तक असल्याने नेहमीच्या मुदतीत संपणार नाही, तेव्हा मुदत वाढवून मिळते का हेही तेव्हाच विचारून घ्या.

विकत घेताना तीन सापळे.

पहिला सापळा नकली प्रतींचा. फुटपाथवर किंवा ऑनलाइन अर्ध्याहून कमी किमतीत मिळाली तर आधी मधली पानं चाळा. पान क्रमांक सलग आहेत का, छपाई पुसट नाही ना, नकाशे जागेवर आहेत का आणि मागे परिशिष्ट आहे का, एवढं बघा. नकली प्रतीत पहिला बळी नकाशाचा जातो, काळा डाग दिसतो नुसता.

दुसरा सापळा चुकीच्या पुस्तकाचा. ‘फायर अँड ब्लड’ हे २०१८ चं पुस्तक डॅनेरिसच्या टारगेरियन घराण्याचा जुना इतिहास सांगतं. ‘अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स’ मधल्या गोष्टी पहिल्या भागाच्या बऱ्याच आधी घडतात. "कालक्रमाने वाचू" असं म्हणून काही जण तिथून सुरुवात करतात. तसं करू नका. छापून आलेल्या क्रमानेच वाचा.

तिसरा म्हणजे एकदम सगळा संच घेणं. त्याबद्दल शेवटी सांगतो.

४. पहिली बैठक

उपोद्घात आणि त्यापुढची आठ प्रकरणं. ब्रान या मुलाचं दुसरं प्रकरण संपेपर्यंत पुस्तक सोडायचं की ठेवायचं हा निर्णय घेऊ नका. पानांच्या हिशोबात हे शंभरच्या आतच येतं. ते आठवं प्रकरण वाचून झाल्यावरही पुढचं पान उलटावंसं वाटलं नाही, तर हे पुस्तक तुमचं नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

उपोद्घाताबद्दल एक सूचना. तो भयकथेसारखा आहे, बर्फाच्या भिंतीपलीकडे घडतो. ती भिंत ३०० मैल लांब आणि सुमारे ७०० फूट उंच, ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीवरून सुचलेली. उपोद्घातातला थरार पुढे कितीतरी पानं बाजूला पडतो आणि वाचक म्हणतो, "ते बर्फातलं काय झालं?" लेखक विसरलेला नाही. भिंतीपलीकडे संकट आहे हे वाचकाला माहीत, आणि इकडे सगळे खुर्चीसाठी भांडतायत, हा ताण त्याला पहिल्या पानापासून हवा आहे.

जमलं तर हे पुस्तक डिसेंबर-जानेवारीत सुरू करा. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आलेला असतो, आणि या जगात उन्हाळा नऊ वर्षं चालून आता हिवाळा तोंडावर आलाय, तोही काही वर्षं चालणारा. गोधडीत बसून वाचलं की ते जास्त पटतं.

५. प्रकरणाच्या डोक्यावरचं नाव बघा

प्रकरणांना शीर्षकं नाहीत, माणसांची नावं आहेत. ज्याचं नाव, त्याच्याच डोळ्यांनी ते प्रकरण. उपोद्घात सोडला तर ७२ प्रकरणं आणि आठ माणसं: एडर्ड, त्याची बायको कॅटलिन, त्यांची मुलं सान्सा, आर्या आणि ब्रान, एडर्डचा अनौरस मुलगा जॉन, राणीचा भाऊ टिरियन, आणि समुद्रापलीकडे पळालेली राजकन्या डॅनेरिस. एडर्डच्या वाट्याला सर्वांत जास्त, १५, आणि आर्याच्या वाट्याला फक्त ५. आठवी व्यक्ती, म्हणजे सान्सा, पंधराव्या प्रकरणात येते. तिथपर्यंत पोचलात की नवा माणूस डोळे घेऊन येणार नाही, एवढी निश्चिंती. नवख्यांनी हा टप्पा मनात धरावा.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. ज्याचं प्रकरण आहे त्याला जे दिसतं, जे वाटतं, तेवढंच पानावर येतं, आणि त्याचा समज चुकीचाही असू शकतो. लेखक मध्ये येऊन "बाबांनो, हा फसतोय" असं सांगत नाही. एखाद्या प्रकरणात अमका माणूस दुष्ट आहे असं वाचलंत, तर मनात जोडून ठेवा: ‘असं कॅटलिनला वाटतं’. सान्सा आणि आर्या सख्ख्या बहिणी, पण एकाच दरबाराकडे दोघींची बघण्याची तऱ्हा बघा. सान्साला बावळट ठरवून तिची प्रकरणं भरभर उलटणारे वाचक खूप. मला वाटतं ते स्वतःचं नुकसान करून घेतात. राजवाड्यातले शिष्टाचार, कोण कुणाला बघून हसलं, कुणी मान फिरवली, हे सगळं टिपणारी तीच आहे. अर्थ लावायचं काम तेवढं ती आपल्यावर सोडते.

६. नावांचा घोळ

घोळ माणसांच्या संख्येमुळे कमी आणि एकाच माणसाच्या दोन-तीन नावांमुळे जास्त होतो. म्हणून हे आधीच लिहून घ्या:

– एडर्ड म्हणजेच नेड. डॅनेरिस म्हणजेच डॅनी. कॅटलिन म्हणजेच कॅट.
– टिरियनला लोक ‘इम्प’ म्हणतात, त्याचा भाऊ जेमी याला ‘किंगस्लेयर’, कारण त्याने आधीच्या राजाला, ज्याच्या रक्षणाची शपथ घेतली होती त्यालाच, मारलं.
– पीटर बेलिश म्हणजे ‘लिटलफिंगर’.
– सँडर क्लेगेन हा ‘हाउंड’ आणि त्याचा थोरला भाऊ ग्रेगर हा ‘माउंटन’.
– जॉन दोन आहेत. जॉन अ‍ॅरिन हा कथा सुरू होण्याआधीच वारलेला वजीर, जॉन स्नो हा एडर्डचा मुलगा.
– राजा रॉबर्ट आणि एडर्डचा थोरला मुलगा रॉब वेगळे. रॉबचं नाव राजावरूनच ठेवलंय.

आता तो जाड कागद घ्या. वर मधोमध स्टार्क कुटुंब, म्हणजे एडर्डचं घर, लिहा आणि बाकीची माणसं या मुलांच्या नात्याने मांडा, मराठीत: बेंजेन काका, एडम्युअर मामा, लायसा मावशी. मग आपोआप दिसतं की मामा आणि मावशी टली घराण्यातले, मावशी दिली अ‍ॅरिनांकडे, आणि मावशीचा नवरा म्हणजेच तो वारलेला वजीर. उत्तर, नद्यांचा मुलूख आणि डोंगरातलं खोरं, तीन प्रांत एका सोयरिकीत बांधलेले. समोरच्या बाजूला राणी सर्सी लॅनिस्टरांची लेक. हे चार धागे कळले की निम्मं पुस्तक कळलं.

बाकीच्या शेकडो नावांचं काय? सोडून द्या. मेजवानीत, स्पर्धेत, लढाईआधी मार्टिन सरदारांच्या याद्या देतात. त्या पाठ करायच्या नसतात. ज्याचं नाव तिसऱ्यांदा आलं त्यालाच कागदावर जागा.

७. राजकारण कसं वाचायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी व्यवस्था समजून घ्या. सात राज्यं, त्यांवर एक राजा, पण राजाचं स्वतःचं मोठं खडं सैन्य नाही. सैन्य आहे ते प्रांतांच्या सरदारांचं, आणि त्यांच्याकडेही ते येतं त्यांच्या हाताखालच्या लहान सरदारांकडून. शिंदे, होळकर, गायकवाड आपापली फौज आणि आपापला मुलूख राखून होते आणि पेशव्यांच्या हाकेला येणं-न येणं यात बरंच राजकारण होतं, तसाच हा मामला. राजाच्या वतीने कारभार बघणारा ‘हँड’, ज्याला मी वर वजीर म्हटलंय, हा साधारण पेशव्यासारखा. कथा सुरू होते तीच मुळी या पदासाठी नवा माणूस शोधण्यापासून. आणि सिंहासनावरचं घराणं फार जुनं नाही: जवळपास तीनशे वर्षं राज्य करणाऱ्या टारगेरियनांना रॉबर्टने पंधरा-एक वर्षांपूर्वी बंड करून हुसकावलंय. हरलेल्यांची मुलं समुद्रापलीकडे जिवंत आहेत. जिंकलेल्यांच्या आपसात उपकार, कर्ज आणि जुने हिशोब बाकी आहेत.

आता प्रत्येक प्रकरणाला चार प्रश्न विचारा. सैन्य कुणाचं? पैसा कुणाचा? मुलगी कुणाची आणि दिली कुठे? पोर कुणाचं आणि राहतंय कुणाकडे?

नमुना म्हणून जॉनचं पहिलं प्रकरण घ्या. एडर्डच्या किल्ल्यात, विंटरफेलला, राजा आलाय, मेजवानी आहे. वरवर वाचलं तर नुसती मिरवणूक: कोण कुणासोबत दालनात आलं. थांबून वाचा. सर्वांत पुढे यजमान एडर्ड, त्याच्या हाताला राणी. मागे राजा, त्याच्यासोबत एडर्डची बायको. मग मुलं: धाकटा रिकन एकटा, मग रॉबसोबत राजकन्या, आर्यासोबत धाकटा राजपुत्र, सान्सासोबत युवराज. जोड्या लागल्या, त्यातली एखादी नुसती चालण्यापुरती नाही. मग राणीचे दोघे भाऊ. सर्वांत शेवटी बेंजेन काका आणि थिऑन ग्रेजॉय. हा थिऑन कोण? नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बापाने बंड केलं होतं, तेव्हापासून हा पोरगा एडर्डकडे वाढतोय. घरातला म्हणून वागवतात, पण बापाने पुन्हा डोकं वर काढलं तर मान याचीच. आणि हे सगळं आपण पाहतो ते जॉनच्या जागेवरून. तो अनौरस, म्हणून खाली, स्वारांच्या पोरांच्या बाकावर. एका जेवणावळीत राज्याची सगळी उतरंड मांडून झाली.

नाशिकच्या माणसाला यात नवल वाटू नये. आधी कोणत्या आखाड्याचं स्नान, यावरून सिंहस्थात काय काय झालंय, आणि आजही शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला आणि वैष्णव रामकुंडावर का, हे इथल्या पोरासोरांना माहीत असतं. पुढे-मागे चालण्याला किंमत असते.

दुसरा नमुना एडर्डचं चौथं प्रकरण. नवा वजीर राजधानीत पोचतो, अंगावर प्रवासाची धूळ, आणि त्याला थेट मंत्र्यांच्या बैठकीत नेतात. राजा तिथे नाही. विषय काय, तर याच वजिराच्या सन्मानार्थ राजाला स्पर्धा भरवायची आहे. बक्षिसं ऐका: भाल्याच्या सामन्यात जिंकणाऱ्याला ४०,००० सोन्याची नाणी, दुसऱ्याला २०,०००, सरमिसळ लढतीतल्या विजेत्याला २०,०००, तिरंदाजाला १०,०००. एकूण ९०,०००. तिजोरीत किती? खडखडाट. दरबारावर साठ लाखांहून जास्त कर्ज आहे, आणि त्यातलं निम्म्याच्या घरातलं एकट्या टायविन लॅनिस्टरचं, म्हणजे राजाच्या सासऱ्याचं. मंत्री हे आकडे शांतपणे सांगतात, एडर्डच्या पायाखालची जमीन सरकते. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं हे सर्वांत महत्त्वाचं पान, आणि त्यात तलवार नाही, ड्रॅगन नाही, आहे ती खतावणी. या बैठकीत कोण बोलतंय, कोण गोड बोलतंय आणि कुणाची खुर्ची रिकामी आहे, हे पेन्सिलीने टिपून ठेवा. राजाचा एक भाऊ तिथे बसलाय, दुसरा नाही. का नाही, हे लगेच कळणार नाही.

आणखी एक सवय लावून घ्या: बातमी कुणापर्यंत पोचली आहे ते बघा. इथे निरोप कावळ्यांच्या पायाला बांधून जातात किंवा घोडेस्वार नेतो, आणि विंटरफेल ते राजधानी हा प्रवास आठवड्यांचा आहे. पानिपतची बातमी नानासाहेबांना सावकारी पत्रातून कळली, "दोन मोती गळाले" वगैरे, आणि तोवर होत्याचं नव्हतं झालेलं होतं. या पुस्तकातही माणसं शिळ्या बातमीवर निर्णय घेतात. ‘हा असा मूर्खासारखा का वागला’ असं वाटलं की मागे जा आणि तपासा, त्याला ते माहीत होतं का? बहुतेक वेळा नसतं. ते फक्त आपल्याला माहीत असतं.

८. इंग्रजीची भीती

वाक्यरचना सोपी आहे, शब्द अधूनमधून जुने. अडतं ते तीन ठिकाणी: चिलखताचे भाग, घोड्यांचे प्रकार आणि जेवणाचे पदार्थ. हे तिन्ही डोळे झाकून पुढे ढकला, एका शब्दाने कथा अडत नाही. शब्दकोश उघडायचा तो पद, नातं किंवा शपथ यांबद्दलचा शब्द असेल तेव्हा. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी तर मुळीच कचरू नये. पहिल्या दहा प्रकरणांत लेखकाचे ठरावीक शब्द ओळखीचे होतात, पुढे वेग आपोआप येतो.

ऐकायचंच असेल तर रॉय डोट्रिस यांनी वाचलेलं ऑडिओबुक आहे. पण पहिल्या वाचनाला फक्त ऐकणं नको, नावं कानावरून निसटतात. पुस्तक समोर ठेवून ऐका.

९. वेळ कसा काढायचा

साधारण ८०० पानं. रोज एक प्रकरण धरलं तर अडीच महिने. यापेक्षा हळू वाचलंत तर मागचं विसरायला होतं, कारण एखाद्या माणसाचं पुढचं प्रकरण यायला मध्ये सात-आठ प्रकरणं जातात. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्यांना बसायला जागा मिळाली तर एका खेपेला दोन-तीन प्रकरणं सहज होतात, आणि कसारा घाटात रेंज जाते ही सोयच समजा. उभ्याने वाचायचं हे पुस्तक नाही, मनगट दुखतं.

दोघा-तिघांनी मिळून वाचलं तर फार उत्तम. आठवड्याला ठरावीक प्रकरणं, आणि रविवारी मिसळीच्या टेबलावर ‘तुला कोण खोटं बोलतंय असं वाटतं’ एवढ्याच विषयावर बोलायचं. अट एकच: पुढचं वाचलेल्याने भुवईसुद्धा हलवायची नाही.

१०. गुप्तता पाळा, स्वतःपासूनही

कुठल्याही पात्राचं नाव इंटरनेटवर टाकू नका. शोधपेटीत नाव पुरं व्हायच्या आत ‘मृत्यू’ हा शब्द सुचवला जातो आणि सगळा खेळ संपतो. व्हिडिओंच्या चित्रांवरही तेच. माहिती हवी असेल तर याच पुस्तकामागचं परिशिष्ट बघा, ते कथेच्या सुरुवातीची स्थिती सांगतं. दुसऱ्या भागाचं परिशिष्ट मात्र चुकूनही उघडू नका, आणि त्याच्या मागच्या कव्हरवरचा मजकूरही वाचू नका. पहिल्या भागात काय झालं ते तिथे उघडं पडलेलं असतं.

ज्यांनी टीव्हीवरची मालिका पाहिली आहे त्यांनी का वाचावं? पहिला सीझन पहिल्या भागाशी बराच प्रामाणिक आहे, त्यामुळे घटना कळलेल्या असतील. पण पुस्तकात मुलं फार लहान आहेत. रॉब आणि जॉन १४ वर्षांचे. ही गोष्ट लक्षात ठेवून वाचलं की त्यांचे निर्णय वेगळेच दिसतात. शिवाय पात्रांच्या मनातलं बोलणं पडद्यावर येत नाही, आणि एडर्डच्या बाबतीत तर तो काय बोलत नाही, कुठली आठवण आली की विषय बदलतो, हेच वाचण्यासारखं आहे. नटांचे चेहरे डोळ्यांसमोर आले तर येऊ द्या, वय मात्र पुस्तकातलं धरा.

११. मध्येच अडलात तर

साधारण तिसाव्या-चाळिसाव्या प्रकरणाच्या पट्ट्यात पाय जड होतो. माणसं पांगलेली असतात, प्रत्येक जण वेगळ्या रस्त्यावर. अशा वेळी मागे जाऊन पहिल्यापासून सुरू करू नका, त्यात बहुतेकांचं पुस्तक कायमचं राहून जातं. त्याऐवजी नकाशा उघडा आणि आठही जणांच्या जागी पेन्सिलीने बारीक खूण करा. वाचनालयाची प्रत असेल तर नकाशाची झेरॉक्स वापरा, नाहीतर काउंटरवर बोलणी खावी लागतील. कोण कुणाच्या किती जवळ आलाय हे दिसलं की पुढे काय होऊ शकतं याचा अंदाज बांधावासा वाटतो, आणि अंदाज बांधला की वाचल्याशिवाय राहवत नाही.

एखादं आवडतं पात्र धरून त्याचीच प्रकरणं सलग वाचणं, हा उपाय काही जण सुचवतात. दुसऱ्या वाचनाला छान. पहिल्या वाचनात तसं केलंत तर एका प्रकरणात पेरलेली गोष्ट दुसऱ्याच्या प्रकरणात उगवते, ते दिसत नाही.

१२. संपल्यावर

मालिका अपुरी आहे, हे आधीच माहीत असू द्या. सात भाग ठरलेले, त्यांतले पाच आले: १९९६ नंतर १९९८, २०००, २००५ आणि २०११ साली. सहाव्याची वाचक तेव्हापासून वाट पाहतायत. टीव्ही मालिका २०१९ मध्ये संपली, पण तिचा शेवट हा पुस्तकाचा शेवट नव्हे. म्हणूनच सगळा संच आधी घेऊ नका म्हणालो. पहिला भाग वाचा, आवडला तर दुसरा, ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’, घ्या.

पुढे खरेदी करताना एवढं बघा: तिसरा भाग, ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’, पेपरबॅकमध्ये दोन खंडांतही विकला जातो, आधी ‘स्टील अँड स्नो’, मग ‘ब्लड अँड गोल्ड’. पाचव्याचेही तसेच दोन तुकडे मिळतात. कव्हरवर ‘पार्ट टू’ बारीक अक्षरांत असतं. पैसे देण्याआधी चष्मा लावून वाचा.